हाताला न लागणारे कंपन

रोटरी इंजिनाची तारीफ करताना एक शब्द हमखास येतो : गुळगुळीत. या इंजिनात खाली-वर होणारा पिस्टन नाही, उघडझाप करणाऱ्या झडपा नाहीत. जे काही आहे ते फिरते. इंजिन चालू असताना त्याच्या आवरणावर हात ठेवला, तर चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाची ओळखीची थरथर तिथे जवळजवळ लागत नाही. अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींपैकी काहींनी माझदा मोटारीतले हे इंजिन काढून विमानाच्या नाकात बसवले, त्याची कारणे दोन-तीन होती. ते वजनाला हलके, आकाराने आटोपशीर, सुट्या भागांनी मोजके आणि चालायला गुळगुळीत.

पण अशा विमानांत बांधणाऱ्यांना ज्या भागाने बराच घोर लावला, तो भाग इंजिनाच्या पोटात नव्हता. इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामधली जी साखळी आहे, म्हणजे जोडणी, गिअर, त्यांचे दाते, दांडे आणि बेअरिंगे, तिथे झीज आणि तडे दिसू लागले. हाताला न लागणारे कंपन पोलादाला मात्र लागत होते. रस्त्यावर गिअरबॉक्स तुटला तर मोटार कडेला उभी करता येते. एका इंजिनाच्या विमानात तो तुटला, तर इंजिन ठणठणीत असूनही वैमानिकाच्या हाती उरते ते फक्त जमिनीपर्यंत तरंगत जाणे. म्हणून हे कंपन कुठून येते, ते जाणवत का नाही आणि त्याला आवर कसा घालतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

नाव एक, इंजिने दोन

आधी एक गोंधळ दूर करू. विमानविद्येच्या इतिहासात ‘रोटरी इंजिन’ या नावाची दोन अगदी वेगळी यंत्रे आहेत. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत जे रोटरी इंजिन असे, त्यात पिस्टन होते, सिलिंडर होते. फक्त दांडा विमानाला घट्ट बांधलेला आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरसह गरगर फिरणारे. फ्रान्समधल्या सेगाँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनाने ही पद्धत रूढ केली. महायुद्धानंतर ती मागे पडली.

आपले रोटरी इंजिन ते नव्हे. हे जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आले. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतले अभियंते हान्स डिटर पाश्के यांनी त्याला जे सोपे रूप दिले, तेच पुढे जगभर गेले. १९५८ मध्ये अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोयो कोग्यो कंपनीने. हीच पुढची माझदा.

त्याची रचना डोळ्यांसमोर आणायची तर भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेचा आकार आठवावा : लांबट आणि कमरेत किंचित दबलेला. अशा आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला घासत राहतात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि त्रिकोण फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत जातो. हवा-इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे ही चारही कामे या लहान-मोठे होण्यात उरकतात. हा त्रिकोण म्हणजे रोटर. तो मधल्या दांड्याच्या एका बाजूला सरकलेल्या गोल भागावर बसवलेला असतो, आणि त्याची एक फेरी होईपर्यंत दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. रोटरला तीन बाजू असल्यामुळे हिशेब असा जुळतो, की दांड्याच्या दर फेरीला एका रोटरकडून एक ज्वलनाचा धक्का मिळतो. विमानांत वापरले जाणारे माझदाचे ‘१३बी’ हे इंजिन दोन रोटरचे आहे. प्रत्येक रोटरचा कप्पा ६५४ घनसेंटिमीटरचा, एकूण १३०८.

तोल वेगळा, जोर वेगळा

आता गुळगुळीतपणाकडे येऊ. पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. या सततच्या थांबण्या-सुटण्याने इंजिनाचा सांगाडा हलतो आणि तीच थरथर आपल्या हाताला लागते. रोटर थांबत नाही. दोन रोटर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे १८० अंशांवर बसवले, की एकाच्या ओढीला दुसऱ्याची ओढ उत्तर देते. ते दोघे एकाच रेषेत नसून मागे-पुढे असल्यामुळे दांडा झुलू पाहतो. त्यासाठी पुढे आणि मागे एकेक प्रतिभार लावतात आणि तोल पूर्ण होतो. विमानासाठी वजन कमी करताना कुणी मोटारीचे जड फ्लायव्हील काढून टाकले, तरी त्याच्यातला प्रतिभार परत कुठेतरी बसवावाच लागतो, तो यासाठी.

पण तोल साधला म्हणजे जोर एकसारखा मिळाला, असे होत नाही. घरातले जाते आठवा. दगड तोलात आहे, खुंटा भक्कम आहे. तरी दळणाऱ्या बाईचा हात सगळ्या फेरीभर सारखा जोर लावत नाही. ओढताना जोर जास्त, पुढे लोटताना कमी. दगड जड असतो म्हणून फेरी चालू राहते, इतकेच. समोरासमोर दोघी बसल्या तर एका फेरीत दोन जोर मिळतात आणि दळण अधिक संथ होते. दोन रोटरचे इंजिन हे असे दोघींचे जाते आहे : दांड्याच्या प्रत्येक फेरीत दोन धक्के, दर १८० अंशांनी एक. प्रत्येक धक्क्याचा काळ २७० अंश पसरलेला असतो. चार-स्ट्रोक पिस्टनमध्ये तो १८० अंशांचाच असतो. म्हणजे रोटरीत दोन धक्के एकमेकांवर थोडे चढतात, हे खरे. पण धक्क्याचा मुख्य जोर सुरुवातीलाच असतो, शेवटी तो ओसरतो, आणि त्याच वेळी दुसरा कप्पा हवा दाबण्यासाठी जोर मागत असतो. परिणामी दांड्याला मिळणारी फिरवण्याची ताकद, जिला टॉर्क म्हणतात, ती भरती-ओहोटीसारखी वर-खाली होते. इंजिन मंद चालू असताना तर क्षणभर ती उलटीही होते : इंजिन दांड्याला फिरवण्याऐवजी दांडाच इंजिनाला ओढतो.

या चढउताराने दांडा पुढे-मागे हलत नाही, वर-खालीही हलत नाही. तो पिळला जातो आणि सुटतो. ओले धोतर पिळताना दोन टोकांचे हात विरुद्ध दिशांना वळतात, तसा दांड्याचा इंजिनाकडचा भाग पुढे वळतो आणि प्रोपेलरकडचा मागे राहतो, क्षणार्धात उलट. हे सगळे फिरण्याच्या आतच घडते. वजनाचा मध्य जागचा हलत नसल्यामुळे सांगाड्याला त्याची फारशी खबर लागत नाही. वैमानिकाला खुर्चीत जे जाणवते ते तोलाचे कंपन. साखळी तोडते ते पिळाचे. गुळगुळीत इंजिनाची फसवणूक इथे आहे. पहिले कंपन नसल्यामुळे दुसरेही नसेल, असे मन धरून चालते.

सैतानाच्या नखांचा धडा

कंपनाशी झुंजताना पहिला विचार मनात येतो तो ताकद वाढवण्याचा : जाड दांडा, रुंद गिअर, कठीण पोलाद. हा विचार नेहमीच बरोबर ठरत नाही, याचा धडा याच इंजिनाच्या बालपणात मिळाला आहे.

माझदात केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा गट या इंजिनावर काम करत होता. त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत काही काळाने आतल्या भिंतीवर आडवे, लाटांसारखे चरे उमटत. जपानी मंडळींनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले. रोटरच्या टोकांना ज्या पट्ट्या बसवतात, ज्यांना टोकाच्या सील म्हणतात, त्या भिंतीवरून सरकताना थरथरत आणि ओरखडे काढत. पट्टी जास्त कठीण करून हे थांबले नाही. पट्टी थरथरते ती तिच्या स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने, हे ध्यानात आल्यावर त्यांनी पट्टीत आडवी-उभी छिद्रे पाडून ती पोकळ केली. वारंवारता बदलली आणि ओरखडे थांबले. पुढे ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनची पट्टी वापरून मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार बाजारात आली. धातूत भोके पाडून, म्हणजे एका अर्थी ती पट्टी कमकुवत करून, प्रश्न सुटला. ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावी.

प्रोपेलरची अट

मोटारीत हे इंजिन पिळाची कंपने घेऊन सुखाने नांदले. विमानात ती का छळतात? कारण दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे, ते बदलले.

१३बी इंजिन आपली खरी ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास देते. १.८ मीटर व्यासाचा प्रोपेलर तितक्या वेगाने फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५६५ मीटर होईल. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर. टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेले, की प्रोपेलर हवा मागे ढकलण्याऐवजी बरीचशी शक्ती आवाजात आणि रोधात उधळतो. तोच प्रोपेलर २७०० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग २५५ मीटरच्या आत राहतो. म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स हवा. हौशी बांधणाऱ्यांत रूढ झालेले गिअरबॉक्स फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ग्रहीय गिअरसंच घेऊन बनवलेले आहेत. मधला गिअर सूर्य, त्याभोवती फिरणारे ग्रह, अशी ती रचना. २.१७ : १ आणि २.८५ : १ ही त्यांतली परिचित प्रमाणे. दुसऱ्या प्रमाणात इंजिनाच्या ६००० फेऱ्यांच्या प्रोपेलरला सुमारे २१०० होतात.

आता साखळीचे चित्र असे दिसते : एका टोकाला रोटर आणि फ्लायव्हील यांचे जडत्व, दुसऱ्या टोकाला प्रोपेलरचे जडत्व, आणि मध्ये दांडे, जोडण्या व दाते यांची लवचीकता. दोन वजने आणि मध्ये स्प्रिंग. अशा कोणत्याही जोडीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. मोटारीत चाके, टायर, क्लचच्या स्प्रिंगा आणि चालकाचा पाय हे सगळे मिळून धक्के पचवतात. प्रोपेलर काहीच पचवत नाही. तो हवेत फिरणारे एक जड चक्र आहे. इंजिन क्षणभर पुढे-मागे झाले तरी तो आपला वेग सोडत नाही, आणि सगळी ओढाताण मधल्या दुव्यांवर येते.

झोपाळा आणि रबरबँड

झोपाळ्याला योग्य क्षणी हलकेच रेटा देत राहिले, की थोड्या जोरात तो उंच जातो. रेट्याची लय झोपाळ्याच्या लयीशी जुळली, याला अनुनाद म्हणतात. इंजिनाचे धक्के हा रेटा आणि दोन जडत्वांची जोडी हा झोपाळा. दोन रोटरच्या इंजिनात दर फेरीला दोन धक्के म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सेकंदाला ३० धक्के, १८०० वर ६०, ३००० वर १०० आणि ६००० वर २००. साखळीची नैसर्गिक वारंवारता १०० हर्ट्झ असेल, तर ३००० फेऱ्यांवर झोपाळा उंच जाईल. विमानात हा वेग कमी शक्तीवर, उतरण्याच्या तयारीत, अगदी सहज येतो.

पुढचा भाग घरी करून पाहता येईल. रबरबँडला किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि दुसरे टोक हातात धरून हात वर-खाली करा. हात सावकाश हलला तर किल्ल्या हाताबरोबर जातात. एका विशिष्ट वेगाला त्या बेभान उड्या मारतात. हात त्याहून बराच जलद हलवला, तर आश्चर्य वाटते : हात थरथरतो आणि किल्ल्या जवळजवळ स्थिर राहतात. याचे गणित सोपे आहे. धक्क्यांची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या दुप्पट असेल तर पलीकडे पोचणारा चढउतार एक तृतीयांश होतो. तिप्पट असेल तर एक अष्टमांश. सहापट असेल तर सुमारे पस्तिसावा हिस्सा.

ताठ की मऊ

यातून अभियंत्यासमोर दोन वाटा उभ्या राहतात. पहिली ताठपणाची : साखळी इतकी ताठ करायची, की तिची नैसर्गिक वारंवारता इंजिनाच्या सगळ्या धक्क्यांच्या वर जाईल. दुसरी मऊपणाची : मध्ये मुद्दाम लवचीक दुवा घालायचा, म्हणजे नैसर्गिक वारंवारता इतकी खाली येईल, की इंजिन मंद फिरत असतानाही ते तिच्या वरच असेल.

ताठ वाट मनाला भावते, पण महाग पडते. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाने वाढते. ३० हर्ट्झची साखळी २४० वर न्यायची, म्हणजे आठपट, तर ताठपणा चौसष्टपट करावा लागतो. तेवढे जाड दांडे आणि तेवढे वजन हलक्या विमानाला परवडत नाही. शिवाय इंजिनाचा धक्का शुद्ध सुरासारखा नसतो. दर फेरीला दोन या मुख्य लयीबरोबर चार, सहा अशा उपलयीही त्यात असतात. त्या दुबळ्या असल्या तरी कमी वेगावर वरच्या वारंवारतेला जाऊन भिडतात.

म्हणून छोट्या विमानांसाठी बहुतेकदा मऊ वाट धरतात. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चकती असते. तिचा टॉर्क रबराच्या किंवा पॉलियुरेथेनच्या गोट्यांमधून, कधी क्लचच्या चकतीतल्या स्प्रिंगांमधून पुढे जातो. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, इंजिनाच्या बाजूचे जडत्व ०.१ आणि प्रोपेलरचे १ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे, गिअर २.८५ : १ चा. गिअरमधून पाहिले, की प्रोपेलरचे जडत्व गिअरच्या प्रमाणाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे आठाने भागले जाते. इंजिनाला ते ०.१२ भासते. या जोडीची वारंवारता ३० हर्ट्झ करायची, तर दुवा इतका मऊ लागतो, की १८० अश्वशक्तीच्या पूर्ण जोरावर तो सहा अंश पिळला जावा. पोलादी दांड्यांची सवय असलेल्याला हे ऐकूनच धडकी भरेल. पण त्या सहा अंशांच्या बदल्यात १८०० फेऱ्यांवर चढउतार एक तृतीयांश होतो, आणि ५४०० फेऱ्यांच्या उड्डाणवेगावर पस्तिसावा. पट्टीत पाडलेल्या छिद्रांचाच हा दुसरा अवतार आहे.

झोपाळा मात्र नाहीसा झालेला नसतो. तो आता ९०० फेऱ्यांवर जाऊन बसलेला असतो. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना त्या वेगातून जावेच लागते. तेव्हा क्षणभर खडखडाट होतो. तो क्षण लवकर ओलांडायचा आणि तिथे कधी रेंगाळायचे नाही, ही मऊ वाटेची अट. अशा विमानांत इंजिनाचा मंद वेग मोटारीपेक्षा बराच वर ठेवतात, तो याचसाठी.

यातली खरी मेख पुढे आहे. हा सगळा हिशेब दोन्ही रोटर नीट पेटत आहेत, असे धरून केला. एका रोटरची ठिणगी गेली तर फेरीला दोनऐवजी एकच धक्का उरतो. मग ३० हर्ट्झचा अनुनाद ९०० वरून थेट १८०० फेऱ्यांवर येतो. आणखी बारकावा असा, की रोटरची प्रत्येक बाजू दांड्याच्या तीन फेऱ्यांतून एकदा पेटते. एका टोकाची सील गेली आणि एखादी बाजू अशक्त झाली, तर तीन फेऱ्यांनी एकदा येणारी नवी लय सुरू होते. ती ३० हर्ट्झला कधी भिडेल? बरोबर ५४०० फेऱ्यांवर. म्हणजे निरोगी इंजिनासाठी जो वेग सर्वांत सुरक्षित, तोच आजारी इंजिनासाठी धोक्याचा ठरू शकतो. चांगला बांधणारा ही दुखण्यांची लयही आधीच मांडून ठेवतो.

सैल खुंटा

आतापर्यंत दात्यांचा विचार केला नाही. दोन गिअरांच्या दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ते गरम होऊन अडकतील. जात्याचा खुंटा भोकात सैल झाला, की ओढीचा जोर लोटण्यात बदलताना तो खट्ट करून दुसऱ्या कडेवर आदळतो, तसे इथे होते. टॉर्क एकाच दिशेला राहिला तर दाते एकमेकांना टेकून राहतात. तो उलटला की ते सुटतात, फट ओलांडतात आणि दुसऱ्या बाजूने हातोड्यासारखे आपटतात.

हे पूर्ण शक्तीवर होत नाही, मंद वेगावर होते, हे आधी उलटे वाटते. प्रोपेलरला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो. वेग एक तृतीयांश झाला की टॉर्क नवव्या हिश्शावर येतो. दात्यांना टेकवून ठेवणारा सरासरी जोर इतका कमी होतो, की इंजिनाच्या धक्क्यांचा चढउतार त्याला सहज उलटवतो. धावपट्टीकडे सावकाश जाणारे, जमिनीवर आपल्या पाळीची वाट पाहणारे विमान गिअरबॉक्सला उड्डाणापेक्षा जास्त मारत असते. उपाय साधे आहेत : मंद वेग वर ठेवणे, फ्लायव्हीलमधले वजन मोहाने फार न कमी करणे आणि धातूऐवजी लाकडाचा किंवा कार्बनतंतूंचा हलका प्रोपेलर लावणे. आपल्या उदाहरणात प्रोपेलरचे जडत्व दुप्पट केले, तर ३० हर्ट्झचा आकडा २६ वर येतो. दुवा मऊ असेल तर हा बदल पचतो. अनुनाद वापरातल्या वेगाच्या अगदी कडेला ठेवलेला असेल, तर केवळ प्रोपेलर बदलल्याने सुरक्षित विमान धोक्यात येते. प्रोपेलर विकत घेणारा आपण पुढचा पंखा बदलतोय असे समजतो. प्रत्यक्षात तो सगळ्या साखळीचा सूर बदलत असतो.

इतरांनी काय केले

हा प्रश्न एकट्या रोटरीचा नाही. आज हलक्या विमानांत अतिशय प्रचलित असलेले रोटॅक्स ९१२ हे चार सिलिंडरचे इंजिन ५८०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि एका आवृत्तीत त्याचा गिअर २.४३ : १ आहे. त्याच्या गिअरबॉक्समध्ये उतरते दाते एकमेकांत बसवून त्यांना स्प्रिंगच्या चकत्यांनी दाबून धरले आहे. धक्का आला की दाते उतारावर चढतात, स्प्रिंगा दबतात आणि धक्का तिथेच थोपतो.

१९३०च्या दशकात राइट कंपनीच्या नऊ सिलिंडरच्या सायक्लोन इंजिनात याहून देखणा उपाय आला. दांड्याच्या प्रतिभारालाच लोलकासारखे लोंबते ठेवले. घड्याळाच्या लोलकाला गुरुत्वाकर्षण ओढते. याला केंद्रापासून बाहेर फेकणारी ओढ. इंजिनाचा वेग वाढला की ती ओढ वाढते आणि लोलकाची लय आपोआप त्याच प्रमाणात जलद होते. म्हणून एका वेगाला नव्हे, सगळ्याच वेगांना तो फेरीमागच्या ठरावीक धक्क्यांना विरुद्ध झोका देत राहतो.

वांकेल इंजिनाच्या विमानांतही नाना वाटा दिसतात. लॉकहीड कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस कमीत कमी आवाज करणारे ‘क्यू-स्टार’ हे प्रायोगिक विमान उडवले. त्यात कर्टिस-राइटचे वांकेल इंजिन मागे होते आणि एक लांब दांडा वैमानिकाच्या डोक्यावरून पुढच्या मोठ्या, मंद प्रोपेलरपर्यंत जात होता. इतका लांब दांडा म्हणजे आपोआप एक पिळाची स्प्रिंग. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या ‘एएसएच २६ ई’ या ग्लायडरमध्ये सुमारे ५० अश्वशक्तीचे एका रोटरचे इंजिन धडातच राहते आणि वर उघडणाऱ्या खांबावरचा प्रोपेलर पट्ट्याने फिरवते. पट्टा ताणतो आणि शिथिल होतो. गिअरच्या दात्यांसारखी आपटणारी फट त्याच्यात नाही.

आपल्याकडेही या इंजिनाचे एक पाऊल पडले आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन देशातच तयार झाले. त्याचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने घडवला. प्रज्वलन, इंधन अशा जोडयंत्रणा अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास संस्थेने केल्या, आणि उड्डाणयोग्यतेची बाजू बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनाने सांभाळली. २००९ मध्ये कोलारजवळ ते विमान या इंजिनावर अर्ध्या तासाच्या आसपास उडाले. रणगाडे आणि लष्करी वाहने यांच्या चाचण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नगरच्या माळावरच्या संस्थेचा विमानाच्या इंजिनाशी असा संबंध आहे, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

जाणवत नाही, म्हणून मोजायचे

मग न जाणवणारे कंपन पकडायचे कसे? साखळीच्या दोन्ही टोकांना एकेक दातेरी चकती लावतात आणि समोरून दाता गेल्याची वेळ टिपणारा संवेदक बसवतात. इंजिनाकडच्या आणि प्रोपेलरकडच्या दात्यांच्या वेळांतला फरक म्हणजे त्या क्षणीचा पीळ. मंद वेगापासून पूर्ण वेगापर्यंत सावकाश जात ही नोंद केली, की कुठे उंच शिखर आहे ते दिसते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२०च्या दशकात टर्बाइनच्या चकत्यांसाठी एक आलेख रूढ केला. आडव्या अक्षावर फिरण्याचा वेग, उभ्यावर वारंवारता. धक्क्यांच्या लयी तिरप्या रेषांनी, नैसर्गिक वारंवारता आडव्या रेषांनी. जिथे रेषा छेदतात तो वेग टाळायचा. आपण वर केलेला ९००, १८०० आणि ५४०० फेऱ्यांचा हिशेब म्हणजे या आलेखावरचे तीन छेदबिंदूच.

उपकरणे नसतील तरी यंत्र खुणा ठेवते. दांड्याच्या खाचांच्या जोडणीत गेरूसारखी तांबूस पूड सापडली, तर तिथे दोन पृष्ठभाग सूक्ष्म अंतराने घासत आहेत, असे समजावे. रबरी गोटीची कड चकाकत असेल, तिला भेगा असतील, तर ती उष्णतेने शिजते आहे. कारण अवमंदन म्हणजे कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलणे, आणि ती उष्णता गोटीलाच सोसावी लागते. ठरावीक तासांनी ती बदलणे हा देखभालीतला सर्वांत स्वस्त खर्च. दात्यांच्या एकाच बाजूऐवजी दोन्ही बाजूंना घासल्याच्या खुणा असतील, तर टॉर्क उलटतो आहे.

या साऱ्या प्रकरणात एक विचार पुनःपुन्हा हाती लागतो. पिळाचे कंपन समूळ नाहीसे करता येत नाही. इंजिन धक्क्यांवरच चालते, तोवर ते राहणार. करता येते ते इतकेच, की त्याची जागा आपण ठरवायची. जिथे विमान कधी थांबत नाही अशा वेगावर त्याला नेऊन बसवायचे आणि प्रोपेलर, फ्लायव्हील, गोटी यांपैकी काहीही बदलले, की ते तिथेच आहे ना, हे पुन्हा तपासायचे. खुर्चीत बसलेल्या माणसाला इंजिन गुळगुळीत वाटते, एवढ्या पुराव्यावर विमान आकाशात नेऊ नये. हात ज्याची साक्ष देऊ शकत नाही, त्याची साक्ष आकड्यांकडून आणि त्या तांबूस पुडीकडून घ्यावी लागते.